विजयदुर्गचा होमस्टे आणि गडफेरी: मासे झकास, गाईड काका त्याहून झकास, फक्त हेलियमचं साल तेवढं बदला

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही तिघं विजयदुर्गला दोन रात्री राहून आलो, मी, नवरा आणि पुण्याहून आलेली माझी भाची. होमस्टेचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण खाली एका चुकीबद्दल सविस्तर लिहिणार आहे आणि ती चूक त्यांची एकट्यांची अजिबात नाही. मी चिपळूणला बारा वर्षं विज्ञान शिकवते आणि तीच गोष्ट मी पण वर्गात दरवर्षी सांगत आलेय, मग एकाच घराला कशाला बोल लावायचा.

आधी साध्या गोष्टी. हायवेवरून तळेरेला आत वळायचं, पडेल कॅन्टीनला चहाला थांबायचं आणि मग सरळ गावात. रात्रीचं येऊ नका, वळणं खूप आहेत आणि गुरं रस्त्यातच बसलेली असतात. खोल्या दोनच, जांभ्याच्या भिंती, वर कौलं, पंखा आहे, एसी नाही आणि जानेवारीत लागतही नाही. अंघोळीला बंबाचं पाणी, सांगितलं की बादली दारात. गादी माझ्या कमरेला जरा मऊ पडली. जेवणाला मात्र नाव ठेवायला जागा नाही, पहिल्या रात्री सुरमई, दुसऱ्या दिवशी तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं, भाची मासे खात नाही तर तिच्यासाठी न सांगता काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि आंबोळ्या, आणि काकी समोर उभं राहून वाढतात त्यामुळे पोट भरलं म्हणायची सोय नाही. सोलकढी दोन वेळा मागून प्यायले.

पण हा रिव्ह्यू मी लिहितेय तो गडफेरीसाठी. घरातले काकाच गड दाखवतात, माणशी दोनशे रुपये, तीन तास म्हणतात पण आमचे साडेचार झाले.

काकांची एक सवय मला इतकी आवडली की ती मी आता वर्गात वापरणार आहे. ते प्रत्येक गोष्ट सांगताना आधी सांगतात की ही कुठल्या खणातली आहे, "ह्यां मी बघलंय", "ह्यां ऐकलंय" नाहीतर "ह्यां लोक म्हणतत". तीन बाजूंनी समुद्र, तिहेरी तटबंदी, हे तर समोरच दिसतं. शिलाहारांच्या काळातला मूळचा किल्ला, १६५३ ला शिवाजी महाराजांनी घेतला, मग आंग्र्यांचं आरमार, १७५६ ला इंग्रज आणि पेशवे मिळून तुळाजी आंग्र्यांवर आले आणि आरमाराला आग लागली ती एका गलबतावरून दुसऱ्यावर पसरत गेली, हे सगळं त्यांनी वेगात सांगितलं, पुस्तकात आहे म्हणाले. आणि मग समुद्रातल्या त्या प्रसिद्ध भिंतीवर आले तेव्हा थांबले. म्हणाले, "भिंत आसा, ती पाणबुडे बघून इलेत. ती कोणी बांधली, कशाक बांधली आणि तेवर बोटी फुटल्यो काय, तां लोक म्हणतत." मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. भिंत आहे हा एक मुद्दा, ती मुद्दाम बांधलीय हा दुसरा आणि तिच्यावर आपटून शत्रूच्या बोटी बुडाल्या हा तिसरा, आणि पहिल्याचा पुरावा मिळाला म्हणून पुढचे दोन आपोआप सिद्ध होत नाहीत. बाहेर बहुतेक जण हे तिन्ही एकाच घोटात गिळतात.

भाची एमएला तत्त्वज्ञान घेऊन आहे आणि या सेमिस्टरला तिला विज्ञानाचं तत्त्वज्ञान आहे, पुरावा म्हणजे काय, स्पष्टीकरण कशाला म्हणायचं वगैरे, त्यामुळे ती तर काकांच्या मागेच लागली.

मग आलो साहेबाच्या ओट्यांपाशी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, गडावर हे ओटे आहेत आणि सगळीकडे सांगितलं जातं की १८ ऑगस्ट १८६८ ला खग्रास सूर्यग्रहणात नॉर्मन लॉकियर या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने इथून दुर्बीण लावून हेलियम शोधला. दरवर्षी १८ ऑगस्टला इथे हेलियम दिवस पण साजरा होतो. काकांनीही तसंच सांगितलं, "हय लॉकियर साहेबान हेलियम शोधून काढल्यान." पण या वेळी खण सांगितला नाही. बघलंय नाही, ऐकलंय नाही, लोक म्हणतत पण नाही. जी गोष्ट सगळ्यांना माहीत असते तिचा खण कोणी विचारतच नाही.

भाचीने विचारलं, आणि प्रश्न अगदी साधा होता, "काका, ऑगस्टमध्ये? कोकणात?"

बारा वर्षं शिकवताना माझ्या हे डोक्यात आलं नव्हतं. भर पावसाळ्यात, होड्या वर ओढून ठेवलेल्या असतात त्या दिवसांत, आठवडा आठवडा सूर्य दिसत नाही तिथे जगातला कुठला खगोलवाला मुद्दाम दुर्बीण घेऊन येईल? हा काही पुरावा नव्हे, १८६८ च्या त्या दिवशी पाऊस उघडला पण असेल, पण शंका घ्यायला एवढं पुरेसं आहे. मग तिथेच तटाच्या सावलीत बसून आम्ही जे काय बोललो ते इथे नीट लिहिते कारण मला वाटतं विजयदुर्गला जाणाऱ्या प्रत्येकाला ते कळावं.

१८६८ चं ग्रहण खरं आहे आणि त्याचा पट्टा कोकणावरूनच पुढे विजापूर, गुंटूरकडे गेला हेही खरं. पण लॉकियर त्या दिवशी भारतात नव्हताच. तो इंग्लंडात युद्धखात्यात कारकून होता आणि फावल्या वेळात स्वतःच्या दुर्बिणीतून सूर्य बघायचा. भारतात होता तो फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन, आणि तो होता गुंटूरला. सूर्याच्या कडेला ज्या ज्वाळा उठतात त्यांच्या वर्णपटातल्या, म्हणजे प्रकाश रंगांत फोडल्यावर दिसणाऱ्या पट्ट्यातल्या, रेषा त्याला ग्रहणात इतक्या ठळक दिसल्या की या ग्रहण नसताना पण दिसतील असं त्याला वाटलं आणि दुसऱ्या दिवशी खरंच दिसल्या. लॉकियरने मागवलेलं वर्णपटाचं यंत्र त्याच्या हातात पडलं ऑक्टोबरात आणि २० ऑक्टोबरला त्याने घरबसल्या, ग्रहणाशिवाय, त्याच रेषा बघितल्या. दोघांचं म्हणणं पॅरिसच्या अकादमीत एकाच दिवशी पोचलं आणि पुढे फ्रेंच सरकारने दोघांचे चेहरे असलेलं पदक काढलं. म्हणजे हेलियमच्या त्या कथेत विजयदुर्ग कुठेच नाही.

मग हे ओटे कसले? तर लॉकियर विजयदुर्गला आला होता, नक्की आला होता, पण तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या खग्रासला. तोपर्यंत तो सर नॉर्मन लॉकियर झाला होता, नेचर साप्ताहिक त्याने १८६९ लाच सुरू केलेलं, आणि इथे त्याच्या मदतीला मेलपोमिनी नावाच्या ब्रिटिश युद्धनौकेवरचे अधिकारी आणि खलाशी होते.

हे बोलून झाल्यावर काका गप्प झाले. मला वाईट वाटलं, वाटलं की शहरातली माणसं येऊन यांच्या गावाचा मान काढून घेतात असं तर त्यांना वाटत नाही ना. पण ते आठवत होते. मग म्हणाले, "माज्या आज्याचो बापूस तेवा पोरगो होतो. तो सांगी, थंडीचे दिस होते, सकाळी लोक शेकोटी करून बसलेले तेवाच आगबोट इली आणि खलाशी सामान डोक्यार घेवन गडार चढले." आणि थोड्या वेळाने स्वतःच, "पावसात आगबोट हय येतली कशी?"

माझ्या अंगावर काटा आला खरंच. चार पिढ्यांपासून त्यांच्या घरात बरोबर पुरावा होता, थंडी, शेकोटी, आगबोट, खलाशी, पण सगळीकडे १८६८ सांगितलं जायचं म्हणून घरची गोष्ट आणि बाहेरची गोष्ट कोणी शेजारी शेजारी ठेवून बघितलीच नव्हती. काकांच्या घरची गोष्ट "ऐकलंय"च्या खणातली, चार तोंडांतून आलेली, तिच्यात साल नाही, साहेबाचं नाव पण नाही, तरी ती मौल्यवान आहे कारण ती सांगणाऱ्याला मेलपोमिनी माहीत नव्हती आणि जानेवारी सिद्ध करायचा नव्हता. ज्याला निकालाशी काही घेणंदेणं नाही अशा माणसाच्या बोलण्यातून निकालाशी जुळणारा तपशील निघतो तेव्हा त्याचं वजन वाढतं.

भाचीने मग तिच्या अभ्यासातलं सांगितलं. १९४८ मध्ये हेम्पेल आणि ओपनहाइम या तत्त्वज्ञांनी मांडलं की स्पष्टीकरण म्हणजे काय तर एक सर्वसाधारण नियम घ्या, त्या वेळची परिस्थिती घ्या, आणि दोन्हींतून घडलेली गोष्ट तर्काने बाहेर काढून दाखवा. ऐकायला ठीक वाटतं. मग तिने काकांची काठी ओट्यावर उभी धरली आणि सावली दाखवली. सूर्य किती वर आहे आणि काठी किती लांब आहे हे माहीत असलं की सावलीची लांबी काढता येते, आणि सावली एवढीच का, तर काठी एवढी आहे म्हणून, हे पटतं. पण उलटं पण करता येतं की, सावली मोजून काठीची लांबी अचूक निघते, गणित तेच, नियम तोच. मग काठी एवढी लांब का, तर सावली एवढी आहे म्हणून, असं कोणी म्हणेल का? काका लगेच म्हणाले, काठी एवढी कारण मी एवढीच तोडली. बस, हाच मुद्दा. सावली हा काठीच्या लांबीचा पुरावा आहे, पण काठीच्या लांबीचं स्पष्टीकरण नाही. पुरावा आणि स्पष्टीकरण हे वेगवेगळ्या दिशेने चालतात. मी हे इतकं सोप्यात कधी ऐकलं नव्हतं आणि माझ्या दहावीच्या पोरांना उंची-छाया मी दरवर्षी शिकवते.

ओट्यांचं तसंच. ओटे हा पुरावा आहे की कोणीतरी इथे काहीतरी पक्कं मांडलं, पण ओटा स्वतःहून साल सांगत नाही. दोन गोष्टी त्याच्यावर बसवता येतात. १८६८ ची बसवायची तर ऑगस्टचा पाऊस नेमका उघडला असं मानावं लागतं, आगबोट पावसाळ्यात कशी आली ते मानावं लागतं, आज्याच्या बापसाची शेकोटी चुकीची मानावी लागते आणि लॉकियर एकाच वेळी दोन देशांत होता असं काहीतरी जुळवावं लागतं, म्हणजे प्रत्येक भोकाला वेगळं ठिगळ. १८९८ ची बसवली की ठिगळ लागतच नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे १८९८ ची गोष्ट हे पण सांगते की लोक १८६८ का म्हणतात, माणूस तोच, विषय ग्रहणाचाच, दोन्ही ग्रहणं याच किनाऱ्यावरून गेलेली, आणि हेलियम म्हटलं की पुस्तकात साल येतं १८६८, मग दोन्ही एकमेकांत मिसळायला कितीसा वेळ लागणार. खरं स्पष्टीकरण चुकीची गोष्ट कशी जन्मली तेही सांगून जातं. हारमन नावाच्या तत्त्वज्ञाने १९६५ मध्ये या पद्धतीला सर्वांत चांगल्या स्पष्टीकरणाकडे जाणारा तर्क असं नाव दिलं म्हणे, आपण रोज हाच तर्क करतो, उंबऱ्यात ओल्या चपला दिसल्या की बाहेर पाऊस आहे म्हणतो.

पण हा तर्क फसतो पण, आणि त्याचं उदाहरण हेलियमच्या शेजारीच आहे.

प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा वर्णपटात ठरलेल्या जागीच पडतात, त्यावरून ते ओळखता येतं. लॉकियरला सूर्याच्या ज्वाळांत एक पिवळी रेष दिसली. सोडियमच्या दोन पिवळ्या रेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरला असतात, ही होती ५८७.५ च्या आसपास, म्हणजे अगदी शेजारी पण सोडियम नव्हे. मग हायड्रोजनच काहीतरी वेगळ्या अवस्थेत असेल का? लॉकियर आणि रसायनवाला फ्रँकलंड यांनी प्रयोगशाळेत खटपट केली, हायड्रोजनमधून ती रेष निघेना. म्हणून नवं मूलद्रव्य, सूर्याच्या ग्रीक नावावरून हेलियम. पुष्कळांना पटलं नाही, पृथ्वीवर कोणी न बघितलेलं मूलद्रव्य एका रेषेवरून कसं मानायचं? आणि त्यांचा संशय रास्तच होता. १८९५ ला रॅमसे या रसायनशास्त्रज्ञाला क्लेव्हाइट नावाच्या युरेनियमच्या खनिजातून निघालेल्या वायूत तीच रेष सापडली तेव्हा कुठे वाद मिटला. २७ वर्षं.

आता दुसरी बाजू. १८६९ च्या ग्रहणात सूर्याच्या प्रभामंडलात, म्हणजे ग्रहणात सूर्याभोवती दिसणाऱ्या झळाळीत, एक हिरवी रेष सापडली. हाच तर्क, कशाशीच जुळत नाही म्हणून नवं मूलद्रव्य, नाव कोरोनियम. त्याआधी १८६४ ला हगिन्स या खगोलशास्त्रज्ञाला तेजोमेघात, म्हणजे अवकाशातल्या वायूच्या ढगात, हिरव्या रेषा दिसलेल्या, त्यांच्यावरून नेब्युलियम. दोन्ही खोटी निघाली. नेब्युलियम म्हणजे दोन इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन, हे बोवेन या शास्त्रज्ञाने १९२७ ला दाखवलं. आणि कोरोनियम म्हणजे तेरा इलेक्ट्रॉन गमावलेलं लोखंड, ते कळायला १९४० च्या आसपास ग्रोट्रियान आणि एडलेन हे शास्त्रज्ञ यावे लागले, आणि त्यातूनच कळलं की प्रभामंडल दहा लाख अंशांच्या घरात तापलेलं आहे.

काकांनी इथे जो प्रश्न विचारला तो मला अजून सोडत नाहीये. "म्हणजे एकदा जमलां, दोनदा फसलां. मग आधी कळतलां कसां?" भाची म्हणाली, आधी कळत नाही काका, तर्क तिन्ही वेळा तोच होता आणि तेवढाच बरोबर होता. फरक पडला तो वेगळ्या वाटेने आलेल्या पुराव्याने. हेलियम खनिजातून काढून नळीत भरता आला, त्याचं वजन घेता आलं. कोरोनियमला रेषेपलीकडे दुसरा काही आधार कधी मिळालाच नाही आणि आवर्तसारणीत त्याला जागाही उरली नाही. मला वाटतं यात काकांच्या घरची शेकोटी म्हणजे आपला क्लेव्हाइट. लॉकियरच्या कागदांवरून १८९८ निघतंच, पण त्या कागदांशी काही संबंध नसलेल्या घरातून पण जानेवारीच निघतो.

आणि विजयदुर्गचा मान कमी होतो असं ज्यांना वाटतं त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. कोरोनियमची ती हिरवी रेष आधी चुकीच्या जागी मांडली जायची, ५३१७ अँगस्ट्रॉमला (दहा अँगस्ट्रॉम म्हणजे एक नॅनोमीटर), तिथे लोखंडाची एक रेष आहे तिच्याशी ती जुळते असं वाटायचं. १८९८ च्या ग्रहणात भारतात घेतलेल्या फोटोंवरून ती ५३०३ ला आहे हे पक्कं झालं आणि लोखंडाशी जुळवलेला तो संबंध तुटला, आणि चाळीसेक वर्षांनी कळलं की शेवटी ते लोखंडच, पण अगदी वेगळ्या रूपातलं. त्याच ग्रहणाला जेऊरला पुण्याहून कावसजी नायगमवाला पण गेले होते, महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे. एवढं सगळं खरंखुरं पदरात असताना उसनं १८६८ कशाला?

तक्रारी म्हणाल तर दोन. गडावर पिण्याचं पाणी कुठे नाही, काका पण आधी सांगत नाहीत, माणशी दोन बाटल्या घेऊनच चढा. आणि दुपारी दोनला जेवायला परतलो तेव्हा घावणे संपले होते, याचं भाचीला अजून दुःख आहे.

निघायच्या दिवशी सकाळी कोल्हापूरचा एक ग्रुप आला होता. मी बॅगा भरत होते आणि अंगणातून काकांचा आवाज येत होता, ओट्यांबद्दलच सांगत होते. "साहेब इलो १८९८ त, थंडीत. ह्यां पुस्तकात आसा. आगबोट इली तां माज्या घरातलां ऐकलेलां. हेलियमचां काय तां वर गेल्यावर सांगतंय." माझ्याकडून मेलपोमिनीचं नाव त्यांनी आदल्या रात्री वहीत लिहून घेतलं होतं आणि गावात आणखी कोणाच्या घरी अशी थंडीतली बोट सांगतात का ते विचारणार आहेत, खासकरून म्हाताऱ्या बायकांना. पुढच्या जानेवारीत काय सापडलं ते बघायला आम्ही परत जातोय, खोली आत्ताच सांगून ठेवलीय.

खोल्यांना साडेतीन, जेवणाला पाच, गडफेरीला पाच. जेटीच्या रस्त्याला गडफेरीवाले काका म्हणून विचारा, घर कोणीही दाखवेल, आणि मासे हवे असतील तर आदल्या दिवशी फोन करा.